तागडीच्या अलीकडून

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने 'आठवणीतला खाऊ' या नावाचा स्टॉल मांडला होता, तो आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. जिन्याखालच्या जागेत दोन बाके जोडून त्यांवर काचेच्या बरण्या ठेवल्या होत्या. बत्तासे, रेवड्या, साखरफुटाणे, जिरागोळ्या, चिंचगोळ्या, पेपरमिंट. बरण्यांच्या गळ्यात सुतळी, पाठीमागे गोणपाटाचा पडदा आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेले 'गेले ते दिवस'. माल सगळा पुण्याहून कुरिअरने मागवलेला. पाच रेवड्यांची पुडी दहा रुपयांना. दोन तासांत बरण्यांचे तळ दिसू लागले. प्राध्यापक मंडळीसुद्धा लहान मुलांसारखी गर्दीत शिरली होती. एक सर तर जिरागोळी तोंडात टाकून मिनिटभर डोळे मिटून उभे राहिले आणि मग म्हणाले, "आता ती चव राहिली नाही."

पैसे घ्यायला मी बसले होते. माझे वडील बत्तासे, रेवड्या आणि गोडीशेव करून यात्रांतून विकतात, पाडव्याच्या आधी साखरेच्या गाठी पाडतात. त्या दिवशी हे मी कोणालाही सांगितले नाही. माल कुठून आणायचा याची वर्गात चर्चा चालली होती, मोबाईलवर दर पाहिले जात होते, तेव्हाही मी गप्पच होते. आमचे घर कॉलेजपासून वीस किलोमीटरवर आहे. पुणे शंभराच्या पुढे.

प्रवेश-अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. तिथे मी दोन्ही वर्षे 'व्यापार' असे लिहिले. शब्द तसा खोटा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे त्या रकान्यात काय लिहावे हे सांगणारे कोणी नव्हते आणि मी काय लिहिले हे वाचणारेही कोणी नव्हते. तेव्हा हा लेख म्हणजे एका परीने त्या रकान्याची दुरुस्ती समजावी. पण तेवढ्यासाठीच तो लिहीत नाही. मला 'आता ती चव राहिली नाही' या वाक्याशी जरा भांडायचे आहे. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते म्हणणारा माणूस बहुधा परातीतली चिमूटभर गोडीशेव चवीला उचलतो, ती चावतो, हे वाक्य म्हणतो आणि पुढे जातो.

आमचे वर्ष मार्गशीर्षात सुरू होते. म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ, मग पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीचा खंडोबा, औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई आणि शेवटी चैत्रात शिखर शिंगणापूर. भूगोलाच्या तासाला ही गावे नकाशावर दाखवायला सांगितली तर मी चुकेन, पण कुठे काय खपते ते झोपेतही सांगेन. पुसेगावला बैलबाजार असतो. तिथे शेतकरी गिऱ्हाईक, गोडीशेव किलोने जाते. मांढरदेवला माणसे चढ चढून दमलेली असतात. तिथे लहान पुड्या बांधून ठेवाव्या लागतात. शिंगणापूरला मालापेक्षा पाण्याची काळजी जास्त.

पालीची गोष्टच वेगळी. खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला भंडारा असा उधळतात की समोरचा माणूस दिसेनासा होतो. आमच्या पालाचे कापड, परातीतले बत्तासे, तागडी, आईचे केस, सगळे पिवळे. आप्पा माल झाकून ठेवत नसत. "देवाचा हाय, गिऱ्हाईक मागून घेतंय," म्हणत. ते खरेही होते; पिवळे बत्तासे आधी संपायचे. पण घरी परतल्यावर आठवडाभर तो भंडारा आईच्या खोकल्यातून निघत राही.

मी फळीखाली पोत्यावर झोपायची. तिथून बाहेरच्यांचे फक्त पाय दिसत. नव्या चपला घातलेले, अनवाणी, जोडवी घातलेले, बापाच्या पायांना बिलगलेले इवलेसे. यात्रा म्हटले की इतरांना पाळणे आठवतात, मला पाय आठवतात. जरा मोठी झाल्यावर पुड्या बांधायला परातीमागे बसू लागले, तेव्हा त्या पायांवरचे चेहरे दिसले. माझ्याच वयाच्या मुली मुठीत नाणे घट्ट धरून बत्ताशांकडे पाहत. माझ्याकडे पाहून त्यांना काय वाटत असे ते मला कळायचे. हिची मजा आहे, हिला हवे तेवढे खायला मिळते!

वस्तुस्थिती अशी की भवानी होईपर्यंत आम्ही एक दाणा तोंडात टाकायचा नाही, आणि भवानीनंतरही अख्खा माल गिऱ्हाइकाचा. आमचा तो चुरा. फुटलेला बत्तासा, तीळ न लागलेली रेवडी, परातीच्या तळाशी राहिलेला शेवेचा भुगा. शेवटच्या दिवशी तोही दहा रुपयांना पुडी करून जायचा. म्हणजे आमच्या वाट्याला उरायचा तो चुऱ्याचा चुरा.

बालपणीच्या खाऊवर जे जे लेख मी वाचले आहेत त्यांत एक प्रेमळ मिठाईवाला हटकून असतो. वजन झाल्यावर तो पोराच्या हातावर वर एक मूठ टाकतो आणि हसतो. माझे आप्पाही टाकतात, हसतातही. ती मूठ चुऱ्याची असते. लेखकांच्या आठवणीत इतकी वर्षे टिकून राहिलेली ती मूठ माझ्या वाट्यातली होती, एवढेच मला नम्रपणे सांगायचे आहे. तक्रार नाही. धंद्यात ती टाकावीच लागते.

गाठींचे काम मात्र घरी. महाशिवरात्र झाली की पहाटे तीनला भट्टी पेटते, कारण दिवस वर आला की पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहवत नाही. कढईत साखर आणि पाणी उकळायला ठेवायचे. उकळी आली की थोडे दूध सोडायचे. मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. पाक झाला की नाही हे पाहायला आप्पांना कुठलेही यंत्र लागत नाही. थेंब बोटांत धरून ओढून पाहतात आणि मान हलवतात. मग पाक कढईच्या कडेला घोटायचा. काचेसारखा दिसणारा रस घोटता घोटता दुधासारखा पांढरा होऊ लागतो. इथून पुढे हातात फार थोडा वेळ असतो. आजोबांच्या वेळचे सागवानी साचे आदल्या रात्रीपासून पाण्यात भिजत पडलेले असतात. त्यांच्या खाचेतून दोरा लावून पाक ओतायचा आणि दहाएक मिनिटांनी साचा उघडायचा. माळ अखंड निघाली तर ती गाठी. मधले पदक तुटले तर सगळी माळ परत कढईत. एका पहाटेत किती माळा परत गेल्या यावर घरातला तो दिवस कसा जाणार हे ठरते.

साखरेचा चटका पाण्याच्या चटक्यासारखा नसतो. उकळते पाणी अंगावर पडले तर ओघळून जाते, पाक कातडीला चिकटून बसतो. झटकावे तर हातभर पसरतो. आईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे ठिपके आहेत. माझ्या डाव्या मनगटावर एकच आहे, रुपयाएवढा. फर्स्ट इयरला एका मैत्रिणीने विचारले तेव्हा मी म्हणाले, इस्त्री लागली.

मग माझ्या स्वतःच्या आठवणीतला खाऊ कोणता? सांगायला गंमत वाटते, पण तो कागदातला. ज्याला दोन बाजूंनी पिळा दिलेला चकचकीत कागद असतो तो. यात्रेतल्या पोरांना आमच्या परातीचे जेवढे अप्रूप, तेवढे मला त्या कागदाचे. चार आण्याचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, तेव्हा मी अंगणवाडीत जायच्या वयाची. त्यामुळे चार आण्याच्या गोळीच्या गोष्टी मी फक्त आजीकडून ऐकल्या. पण सुट्ट्या पैशांची ओढाताण त्यानंतरही होतीच. किराणा दुकानदार रुपया परत देण्याऐवजी गोळी देई. मी आईने सांगितलेला जिन्नस असा घ्यायची की बरोबर एकोणीस रुपये व्हावेत. अर्थशास्त्र विषय मी पुढे घेतला. त्याचा पाया तिथे घातला गेला असे म्हणायला हरकत नाही. आता त्याच दुकानात क्यूआर कोडचा फळा लटकतो. एकोणीस म्हणजे एकोणीस. गोळी गेली.

चौथीत असताना माझ्या वाढदिवसाला शाळेत खाऊ वाटायचा होता. वर्गातली बाकीची मुले चॉकलेटचे पुडे आणत. आप्पांनी आदल्या रात्री माझ्यासाठी मुद्दाम मोठे बत्तासे पाडले, हलके, पांढरेशुभ्र, एकही डाग नसलेले. स्टीलच्या डब्यात कागद घालून भरून दिले. मी वाटायला लागले तर तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "हे तर देवळात देतात. आम्ही काय देव आहे काय?" वर्ग हसला. काहींनी घेतले, काहींनी घेऊन दप्तरात टाकले, काहींनी नको म्हटले. बाईंनी एक उचलून टेबलाच्या खणात ठेवला. निम्मा डबा भरलेलाच राहिला. तो मी वाटेत गुरवाच्या म्हातारीला देऊन टाकला. घरी आले तर आप्पा दारातच. म्हणाले, "पुरले का?" मी म्हटले, "पुरले."

पुढच्या वर्षी त्यांनी दुप्पट पाडले.

तो डबा मी शाळेपर्यंत नेलाच नाही. वाटेवरच्या ओढ्यात रिकामा केला. बत्तासा पाण्यात किती लवकर विरतो हे मी तेव्हा पाहिले. पहिला विरायच्या आत दुसरा टाकायचा, असे करत मी काठावर बसून राहिले आणि शाळेत उशिरा गेले.

त्या वर्गातल्या एकाने मागच्या श्रावणात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बत्ताशांचे चित्र पाठवले होते. खाली लिहिले होते, 'आमच्या बालपणीची खरी मिठाई'. त्यावर चौदा जणांनी डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. मी ते मोजले. हसू आले, रागही आला. विशीच्या आतल्या पोरांना 'गेलेले दिवस' कुठून आले? आपल्यापैकी कोणाच्या बालपणी काचेच्या बरण्या आणि गोणपाटाचे पडदे होते? आपल्या लहानपणी पाच रुपयांचे चॉकलेट होते, चिप्सच्या पाकिटातली खेळणी होती. स्टॉलवर आपण जो उसासा टाकला तो आपल्या आईबापांचा किंवा त्यांच्याही आईबापांचा होता; आपण तो उसना घेतला. उसना घ्यायलाही हरकत नाही, पण मग निदान ती वस्तू अजून कोणी करते का, याची चौकशी तरी करावी.

त्या उसाशाला आता बाजारात भाव आहे, हे मला वर्षभर वर्तमानपत्रे वाचून कळले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव आहे. तिथे वालचंद हिराचंदांनी १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. 'पान पसंद' तिथलीच. माझी एकोणीस रुपयांच्या हिशेबातली गोळी पुष्कळदा रावळगावची असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा गोळ्यांचा धंदा रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटींना घेतला. घेतले काय, तर नावे, पाककृती आणि त्यांवरचे हक्क. म्हणजे लोकांची आठवण घेतली असेच म्हणायचे. त्याआधी २०२२ मध्ये 'कॅम्पा' या जुन्या पेयाचे नावही त्यांनीच घेतले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा बाजारात आणले. धंदा म्हणून यात काही गैर नाही. जुने नाव मरण्यापेक्षा कोणी चालवलेले बरे. पण माझ्या मनात येते, रावळगावला विकायला नाव तरी होते. बत्ताशाला नाव कुठे आहे? गोडीशेवेचा मालक कोण? ती आमच्या आजोबांनी शोधून काढली नव्हती, आम्ही फक्त ती करत आलो. ज्या आठवणीवर कुणाचे नाव छापलेले नाही, तिचे पैसे कोणाला द्यायचे हेच लोकांना कळत नाही. मग ते ती पुण्याहून मागवतात; तिथल्या पुडीवर नाव असते.

त्या दिवशी गल्ल्यावर बसून मी हिशेब केला. पाच रेवड्या म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम. दहा रुपयांना. किलोचा दर चारशेच्या वर जातो. आप्पांची रेवडी यंदा पुसेगावला एकशे साठ रुपये किलोने गेली आणि त्यातही लोकांनी घासाघीस केली. आपल्या स्टॉलवर एकानेही घासाघीस केली नाही. गूळ-साखरेचा पाक खुंटीला अडकवून ओढत गेले की त्यात हवा शिरते आणि तांबूस पाक पांढरा होत जातो. आप्पांचा उजवा खांदा या ओढण्याने कायमचा खाली आला आहे. पुण्याच्या रेवडीला तीळ कमी होता. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, मी दोन्ही खाल्ल्या आहेत.

मात्र पुण्याच्या पुडीची एक बाजू मला मान्य केलीच पाहिजे. तिच्यावर तारीख होती, घटक छापलेले होते, आत धूळ नव्हती. आमच्या परातीवर फुफाटा बसतो. आणि जुन्या मालाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याचा रंगही एकदा तपासावा. आजोबांच्या वेळी साखरफुटाण्यांना गुलाबी रंग कुठल्या दुकानातून यायचा, हे घरात कोणी मोठ्याने सांगत नाही. तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हातारीच्या केसांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यांत कापड रंगवायचा रोडामाइन-बी हा रंग सापडला. ती बातमी मी आप्पांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी पोरांना काय काय चारलं आसंल, कुणाला ठावं." तेव्हापासून आमचे साखरफुटाणे पांढरे असतात. खप कमी झाला. मोठी माणसे येतात, बघतात आणि विचारतात, "पहिल्यासारखे गुलाबी नाहीत का?" आता यांना काय सांगावे! अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणीचा कागद मात्र मी गेल्या वर्षी काढून दिला आणि पराती झाकायला काचेची पेटी घ्यायला लावली. पालीच्या भंडाऱ्यापुरती ती पेटी उघडी राहते. तिथे आप्पांपुढे माझे चालत नाही.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. गाठींचा निम्म्याहून जास्त खप शेवटच्या चार दिवसांत होतो. २२ तारखेला जनता संचारबंदी झाली, २३ ला राज्यात संचारबंदी लागली, २४ च्या रात्री देशभरची टाळेबंदी जाहीर झाली. मी तेव्हा आठवीत होते. घरात माळांनी भरलेले अकरा खोके होते आणि साखरेचे पैसे व्यापाऱ्याला द्यायचे होते. पाडव्याच्या सकाळी आईने दारात गुढी उभारली आणि तिला एकाऐवजी पाच माळा घातल्या. आप्पा बघत होते, हसले नाहीत. पुढे पावसाळी हवेत माळा ओलावू लागल्या तेव्हा त्या पुन्हा कढईत घालून त्यांची साखर करायची असे ठरले. दोरे काढायचे काम माझ्याकडे होते. माळ पाण्यात बुडवायची, दोरा ओढून घ्यायचा. एवढे दोरे एका ठिकाणी मी कधी पाहिले नव्हते. त्यानंतर दोन वर्षे यात्रा भरल्या नाहीत. आप्पा एका ढाब्यावर आचाऱ्याच्या हाताखाली गेले. भाकरी मिळाली, पण रोज संध्याकाळी घरी येऊन ते साचे काढत, पुसत आणि परत ठेवत. त्यांना कीड लागू नये म्हणून, असे सांगत.

यात्रा पुन्हा सुरू झाल्या त्या वर्षी पालीला गर्दी पूर्वीइतकीच होती. पण आमच्या ओळीत मेवामिठाईची पाले पूर्वी नऊ असत, त्या वर्षी चार होती. बाकीचे परत आलेच नाहीत. कोणी रिक्षा घेतली, कोणी एमआयडीसीत लागले. तेव्हा 'ती चव राहिली नाही' असे म्हणणाऱ्यांना मला विचारावेसे वाटते की चव कुठे गेली असे त्यांना वाटते? ती उडून जात नाही. ती एका माणसाच्या बोटांत असते आणि तो माणूस आता कुठल्यातरी कारखान्याच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहून घेत असतो.

मी कोणावर उपकार मागत नाही. आमचा माल दया म्हणून घ्यावा असे आप्पांनाही आवडणार नाही. माझे म्हणणे साधे आहे. आपल्या कॉलेजच्या आसपास वीस-तीस किलोमीटरांत भट्ट्या आहेत, चिक्की करणारे आहेत, फुटाणे भाजणारे आहेत. पुढच्या संमेलनाला बरण्या मांडायच्या असतील तर दोन महिने आधी त्यांच्याकडे जाऊन माल सांगावा, स्वच्छतेची अट घालावी आणि कुरिअरला दिले तेवढे पैसे त्यांना द्यावेत. बरणीवर करणाऱ्याचे नाव लिहावे. फळ्यावर काय लिहायचे ते मग बघता येईल. आणि हे सांगायला मला एक संमेलन उशीर झाला, याची जबाबदारी माझी एकटीची आहे.

आता साच्यांची गोष्ट सांगून थांबते. माघात एक गृहस्थ गाडीतून आमच्या घरी आले. हमरस्त्यावर त्यांचे 'चुलीवरचे जेवण' देणारे हॉटेल होत आहे. भिंतीवर जुन्या वस्तू लावायच्या होत्या. जाते, पाटा, कंदील मिळाले होते. गाठीचे साचे हवे होते. चार साच्यांचे सहा हजार देतो म्हणाले. आमच्याकडे एकूण सात. पाडव्याच्या सगळ्या मालात आप्पांना खर्च वजा जाता जेवढे उरतात, त्याच्या जवळपास ही रक्कम जात होती. आप्पांनी त्यांना चहा दिला, उद्या सांगतो म्हणाले आणि रात्री मला विचारले, "तू शिकलेली हाईस. देऊ का?"

मी फार तावातावाने नाही म्हटले. आजोबांची आठवण, वारसा, असे काहीबाही बोलले. स्टॉलच्या फळ्यावर लिहायला शोभतील असे शब्द होते ते. आप्पांनी सगळे ऐकून घेतले. आई भांडी घासता घासता म्हणाली, "हिची पुढच्या वर्साची फी भरायचीय." मग कोणीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परतले तर दोन साचे गेले होते. दोनच. खाचा झिजून गुळगुळीत झालेले, ज्यांतून गेली कितीतरी वर्षे पदकाची नक्षी उमटतच नव्हती असे ते दोन. तीन हजार रुपये आईच्या डब्यात होते. उरलेले पाच साचे आप्पांनी त्याच रात्री पाण्यात भिजत घातले आणि पहाटे तीनला मला उठवले.

परवा एस.टी.तून येताना ते हॉटेल दिसले. दर्शनी भिंतीवर दिव्याखाली साचे लावले आहेत, पण पाठ पुढे करून. खाचा भिंतीकडे आणि सपाट फळी लोकांकडे. घरी येऊन आप्पांना सांगितले. म्हटले, जाऊन सांगू या का त्यांना? आप्पा दोरे कापत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यांला कुठं त्यात पाक वतायचाय."